निसटलेल्या शब्दांचं नाव

पाचवीत असताना निबंधाच्या वहीत मी लिहिलं होतं, ‘मी अंगणात खेळलालो आणि पाऊस आला.’ गुरुजींनी ‘खेळलालो’भोवती लाल शाईनं गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘अपभ्रंश टाळा.’ वही घरी नेऊन आईला दाखवली. तिनं गोल पाहिला आणि म्हणाली, ‘मग काय म्हणावं रं? खेळलालास म्हणूनच तर लिवलास.’

अपभ्रंश हा शब्द मला असा भेटला. खूप वर्षं तो माझ्यासाठी लाल शाईचाच शब्द होता. पुढे त्याच्या मागे लागलो, तेव्हा कळलं की वाट सोडून गेलेल्या शब्दांना दिलेल्या या नावालाच स्वतःची लांब वाट आहे, आणि त्या वाटेवरचे काही महत्त्वाचे मुक्काम आपल्या लातूरच्या आसपास आहेत.

आधी शब्द फोडून पाहू. ‘भ्रंश्’ हा संस्कृत धातू. त्याचा अर्थ खाली पडणं, घसरणं, जागेवरून निसटणं. त्याला ‘अप’ म्हणजे दूर, बाजूला, हा उपसर्ग लागला की ‘अपभ्रंश’ होतो : जिथं असायला हवं तिथून निसटून पडलेलं. याच धातूपासून ‘भ्रष्ट’ आला. मार्गभ्रष्ट, पदभ्रष्ट आणि रोज वर्तमानपत्रात भेटणारा भ्रष्टाचार, ही सगळी त्याचीच भावंडं. डॉक्टर म्हाताऱ्या माणसाच्या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात, वैद्य गुदभ्रंश म्हणतात. मुळात हा शब्द शिवीचा नाही. एखादी वस्तू आपल्या जागेवरून सरकली, एवढंच तो सांगतो. हिंदी भूगोलाच्या पुस्तकांत तर जमिनीच्या पोटातले खडक एका रेषेवर फाटून सरकतात, त्यालाच ‘भ्रंश’ म्हणतात. आपल्या पुस्तकांत त्याला विभंग किंवा प्रस्तरभंग म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीखाली जे सरकलं, ते या अर्थाचं. जागेवरून सरकणं म्हणजे काय, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला कोशात बघावं लागत नाही.

शब्दांसाठी ‘अपभ्रंश’ हे नाव ठळकपणे आढळतं ते पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास. ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला तो म्हणतो की शुद्ध शब्द थोडे आणि त्यांचे अपभ्रंश फार, एकेका शब्दाचे पुष्कळ. उदाहरण देतो ते गाईचं. शुद्ध शब्द ‘गौः’. आणि लोक म्हणतात गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ‘गावी’पाशीच अडकलो. हीच तर आपली गाय! पतंजलीनं ज्या रूपांना निसटलेली म्हटलं, त्यातलंच एक रूप दोन हजार वर्षं चालत चालत आपल्या गोठ्यात येऊन उभं राहिलंय. ‘गौः’ म्हणून गाईला हाक मारणारा शेतकरी मला तरी अजून भेटलेला नाही.

पतंजलीला मात्र नुसता सोवळा वैयाकरण समजू नये. तोच स्पष्ट सांगतो की अर्थ जसा शुद्ध शब्दानं कळतो तसा अपशब्दानंही कळतो. फरक पडतो तो पुण्याचा. शुद्ध शब्द वापरला तर धर्मलाभ, एवढंच. त्यानं एक गोष्टही दिली आहे. काही मोठे ज्ञानी ऋषी होते. ‘यद्वा नः, तद्वा नः’ असं म्हणायच्या ठिकाणी ते बोलताना ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत. लोकांनी त्यांचं नावच यर्वाण-तर्वाण पाडलं. पण यज्ञाला बसले की ते उच्चारात चुकत नसत. म्हणजे घरची बोली घरी आणि यज्ञाची भाषा यज्ञात. घरची बोली वापरणारे ऋषीच राहिले, त्यांचं ऋषिपण कुणी काढून घेतलं नाही. पाचवीच्या वर्गात ही गोष्ट कुणी सांगितली असती तर त्या लाल गोलाची भीती बरीच कमी झाली असती.

त्याच प्रकरणात कुंभाराचा दाखला येतो. घागर हवी असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन म्हणतो, मला घागर करून दे. पण बोलायचं म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘मला शब्द करून दे’ असं म्हणत नाही. शब्द लोकांकडे आधीच असतात. पतंजलीचं हे वाक्य मला त्याच्या सगळ्या नियमांहून मोठं वाटतं.

यादीतला ‘गोणी’ हा शब्दही सोडण्यासारखा नाही. पाचव्या शतकाच्या सुमाराला झालेला भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त त्याच्यावर थांबतो. गाय या अर्थानं गोणी म्हटलं तर तो अपभ्रंश; पण धान्य भरायची पिशवी या अर्थानं गोणी हा अस्सल, साधू शब्द आहे, पाणिनीच्या सूत्रातच तो येतो. तसंच ‘अस्व’चं. घोडा म्हणायचा असेल तर ‘अश्व’ बरोबर आणि ‘अस्व’ चूक. पण ज्याच्याजवळ ‘स्व’ म्हणजे धन नाही असा निर्धन माणूस म्हणायचा असेल, तर ‘अस्व’च बरोबर. भर्तृहरीचं म्हणणं असं की कुठलाही ध्वनी जन्मतः अशुद्ध नसतो. तो कुठे, कोणत्या अर्थानं वापरला यावर ते ठरतं. आमच्या मोंढ्यात आज पोतं, कट्टा, बारदाना हेच शब्द चालतात, तरी गोणपाट घराघरांत आहे. दारात पाय पुसायला टाकलेल्या त्या तुकड्यावर पाय ठेवताना पाणिनीपासून चालत आलेला शब्द आपण तुडवतो. इंग्रजांनीही तोच उचलला आणि त्याची ‘गनी बॅग’ केली.

आता अपभ्रंश हा शब्द स्वतःच कसा सरकला ते पाहू. पतंजलीच्या वेळी ते एकेकट्या चुकलेल्या शब्दाचं नाव होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘विभ्रष्ट’ हे प्राकृतातल्या शब्दांच्या एका वर्गाचं नाव झालं. दंडीच्या काव्यादर्शात, म्हणजे सातव्या शतकाच्या सुमाराला, चित्र आणखी बदललेलं दिसतं. दंडी सांगतो की शास्त्रात संस्कृत सोडून बाकी सगळ्याला अपभ्रंश म्हणतात, पण काव्यात आभीर वगैरे लोकांच्या भाषांना अपभ्रंश म्हणतात. म्हणजे तोवर अपभ्रंश ही कविता करण्याची भाषा झाली होती. चुकीला दिलेलं नाव भाषेचं नाव झालं आणि ती भाषा राजदरबारात मानानं बसली. शब्दाच्या नशिबात इतका मोठा पालट क्वचितच येतो.

हा दरबार कुठला? राष्ट्रकूटांचा. दहाव्या शतकात पुष्पदंत नावाच्या कवीनं मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेड इथं राहून अपभ्रंश भाषेत ‘महापुराण’ लिहिलं. तिसऱ्या कृष्णराजाचा मंत्री भरत त्याचा आश्रयदाता होता. ग्रंथ पुरा झाला तो ९६५ च्या सुमारास. हजार वर्षांनी, विसाव्या शतकात, तो संपादून छापला एका मराठी पंडितानं, डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी. आणि हे राष्ट्रकूट स्वतःला काय म्हणवत? ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’, लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. अमोघवर्षाच्या ८६६ च्या शिरूर आणि निलगुंद इथल्या शिलालेखांत हे बिरुद आहे. त्यांची राजधानी दूर होती, पण घराण्याचं मूळ गाव म्हणून ते हेच नाव मिरवत. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, ही ओळख विद्वानांनी पटवली. त्यात शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. गावातल्या पापविनाशक मंदिरात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा शिलालेख आहे. त्यात लत्तलूर आहे आणि इथं पाचशे विद्वान राहत असल्याचा उल्लेख आहे. अपभ्रंश भाषेला आपल्या राजधानीत जागा देणारं घराणं ज्या गावाचं नाव लावत होतं, त्या गावचा मी. माझ्या निबंधात अपभ्रंश सापडला, यात नवल ते काय?

दुसरा मुक्काम आणखी जवळचा आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर नावाच्या जैन मुनींनी अपभ्रंशात ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचलं. त्यातला करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरावर येतो. एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून तिथल्या वारुळाची पूजा करतो, असं त्याला कळतं. वारूळ खणल्यावर आत जिनमूर्ती निघते. काव्यात या डोंगरावरची जी लेणी वर्णन केली आहेत, ती म्हणजे धाराशिवची लेणी, असं या काव्याचे संपादक हिरालाल जैन यांनी दाखवून दिलं. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा होईपर्यंत आपण सगळे धाराशिवच्याच जिल्ह्यात होतो. म्हणजे अपभ्रंश काव्याची एक अख्खी कथा आपल्याच जुन्या जिल्ह्यात घडते.

आता तेर या नावाकडे वळतो, कारण शब्द कसा निसटतो हे तिथं डोळ्यांनी दिसतं. तेरणेच्या काठचं तेर, संत गोरा कुंभारांचं गाव. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत दख्खनमधल्या ‘तगर’ नावाच्या पेठेचा उल्लेख आहे. तिथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई. हे तगर कुठं, यावर पुष्कळ वाद झाले. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेर असल्याचं मांडलं आणि तेच मान्य झालं. आता नाव नीट पाहा : तगर, तयर, तेर. मधला ‘ग’ गेला. मग ‘नगर’ घ्या : नगर, नयर, नेर. पारनेर, अमळनेर, पिंपळनेर यांतलं नेर. इथंही तोच ‘ग’ त्याच जागेवरून गेला.

शब्द निसटतात ते वाटेल तसे निसटत नाहीत. दोन स्वरांच्या मध्ये एकटं सापडलेलं क, ग, च, ज, त, द, प, य, व यांपैकी अक्षर बहुधा गळतं, असा नियम वररुचीनं ‘प्राकृतप्रकाश’ या प्राकृताच्या व्याकरणात नोंदवून ठेवला आहे. मराठीच्या ओंजळीत त्याचे दाखले भरून वाहतात. सूचीतला ‘च’ गेला, सुई राहिली. पादातला ‘द’ गेला, पाय राहिला. देवकुलातला ‘क’ गेला आणि देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ. लातूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात जाणारा प्रत्येक माणूस अपभ्रंशातच शिरतो आणि त्याच्या भक्तीला त्यानं काही उणेपणा येत नाही.

नांदेडचंही तसंच. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातल्या वाशीमच्या ताम्रपटात ‘नांदीकड’ असं नाव येतं, आणि ते नांदेड असल्याचं अभ्यासक मानतात. मधला ‘क’ काढा आणि म्हणून बघा. गंमत म्हणजे या ताम्रपटाची राजवंशाची ओळ संस्कृतात आहे आणि खरा कामाचा भाग, दान काय दिलं आणि कुणाला दिलं, तो प्राकृतात. मानाची भाषा वर आणि गावाला कळायची ती खाली.

लत्तलूरचं लातूर होताना दुसरा नियम लागला. जोडाक्षरातलं एक अक्षर गळतं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. भक्त, भत्त, भात. तसंच लत्त, लात. मग लागोपाठ आलेल्या दोन ‘ल’कारांपैकी एक जिभेनं सोडला आणि उरलं लातूर. शेवटचं ‘ऊर’ म्हणजे कन्नडमधलं गाव. लातूरला रत्नापूर असंही नाव सांगतात, रत्नेश्वराचं देऊळही आहे आणि त्या नावावर लोकांचं प्रेम आहे. पण लातूर हा रत्नापूरचा अपभ्रंश, असं जे सहज बोललं जातं, ते या नियमात बसत नाही. प्राकृतात रत्नाचं रयण होतं, लात होत नाही. ‘अमक्याचा अपभ्रंश’ असं म्हणणाऱ्यानं मधल्या पायऱ्या दाखवायला हव्यात. गावोगावच्या स्थळपुराणांत आणि पाट्यांवर ‘अपभ्रंश’ हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो, आणि त्यामुळे खरी व्युत्पत्ती बाजूला पडते. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ पासून आपल्याकडे आहे. पाटी रंगवण्याआधी तो एकदा उघडायला काय हरकत आहे?

आता त्या लाल गोलाकडे येतो.

लातूरकडे फोनवर बोलणं ऐका. ‘काय करलालास?’ ‘जेवलालो.’ ‘कुठं चाललाली गं?’ नांदेडकडे गेलात की ‘काय करायलास?’ ‘जेवायलो.’ पुण्याचा माणूस यावर हसतो आणि आमची पोरं पुण्याला शिकायला गेली की पहिल्या महिन्यातच हे बोलणं गिळून टाकतात. पण हे ‘लालो’ आलं कुठून? ‘खेळू लागलो’ हे मराठीतलं साधं रूप घ्या. भरभर म्हणा. ‘खेळूलागलो’, ‘खेळूलालो’, ‘खेळलालो’. दोन स्वरांच्या मधला ‘ग’ गेला! तगरातून जो ‘ग’ गेला, नगरातून जो गेला, तोच ‘ग’ आमच्या ‘लागलो’मधून गेला. नांदेडच्या ‘जेवायला लागलो’चं ‘जेवायलो’ होताना तर अख्खं ‘ला लाग’ गेलं. आणि रूप बदलताना अर्थही पुढे सरकला. प्रमाण मराठीत ‘खेळू लागलो’ म्हणजे खेळायला सुरुवात केली. आमच्याकडे ‘खेळलालो’ म्हणजे आत्ता, या घडीला खेळणं चालू आहे. प्रमाण मराठीला याच कामासाठी ‘खेळतो आहे’ असे दोन शब्द लागतात, ते आमची बोली एका शब्दात सांगते. जिभेचं वळण दोन हजार वर्षांपूर्वीचं आणि त्यातून घडलेलं रूप अगदी नवं. वररुची आज लातूरच्या गंजगोलाईत येऊन उभा राहिला असता तर त्यानं वही काढून हे टिपून घेतलं असतं.

गुरुजींवर माझा राग नाही. परीक्षेत प्रमाण मराठी लागते, नोकरीच्या अर्जात लागते, आणि ती न शिकवणं हा मुलांवर अन्यायच होईल. हा लेखही मी तीच धरून लिहितोय. माझं दुखणं वेगळं आहे. ‘हे इथं चालत नाही’ असं सांगणं आणि ‘हे चूक आहे’ असं सांगणं यांत फार अंतर आहे. यज्ञात ‘यर्वाण’ चालत नव्हतं. घरी चालत होतं. पहिलं वाक्य ऐकलेलं मूल दोन भाषा शिकतं. दुसरं ऐकलेलं मूल वर्गात तोंड उघडायचं बंद करतं. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी, गोष्टी सांगण्यात सगळ्यांत तरबेज अशी दोन पोरं होती. त्यांनी पुढे कधी वर्गात गोष्ट सांगितली नाही, हे मी पाहिलंय.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीनं जो अहवाल केला होता, त्यात मराठीचं प्राचीनत्व दाखवायला महाराष्ट्री प्राकृताचा आधार घ्यावा लागला. हालाची गाथासप्तशती, नाणेघाटातला लेख, ही सगळी प्राकृत मंडळी. शास्त्राच्या भाषेत, दंडीच्या त्या वाक्याप्रमाणे, हे सगळं ‘अपभ्रंश’ या एका शब्दात मोडलं असतं. ज्या निसटण्याबद्दल पोरांच्या वह्यांत गोल काढले जातात, त्याच निसटण्यातून मराठी घडली, आणि त्याच्याच जोरावर तिला हा मान मिळाला.

म्हणून लातूर, नांदेड, धाराशिव, परभणी, बीड इथल्या मराठीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. वहीत ‘खेळलालो’ सापडलं, ‘करायलो’ सापडलं, ‘मपलं’ किंवा ‘तुपलं’ सापडलं, तर गोल जरूर काढा. पण बाहेर ‘अशुद्ध’ लिहू नका. ‘बोली’ असं लिहा, शेजारी प्रमाण रूप द्या, आणि वर्षाच्या शेवटी वर्गातल्या सगळ्या गोलांतले शब्द एका वेगळ्या वहीत उतरवून घ्या. ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा.